तोफखान्यातला माणूस पडक्या चर्चमागं का लागतो?

"अहो वहिनी, चौथ्या बंगल्यातले सुभेदार गेले वाटतं सकाळी?" काकूंनी कढीपत्ता तोडता तोडता विचारलं.

"गेले की. पाठीवर सॅक, डोक्याला कानटोपी. रिक्षावाल्याला 'स्टेशन' म्हणताना ऐकलं मी."

"म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. म्हणजे कल्याण. मग दिवा, तिथून ती मेमू आणि परत वसईची पडझड!" काकूंनी स्टेशनं मोजून निकाल दिला. "घरात बाई एकटी, आणि हा माणूस कोसळलेल्या भिंतींचे फोटो काढत हिंडतो. मी म्हणते, काढायचेच तर काळारामाचे काढा. जवळ आहे, तिकीट नाही."

आमच्या जेलरोडच्या सोसायटीत दोन बंगल्यांमधली भिंत कंबरेएवढीच आहे. बिल्डरनं विटा वाचवल्या, त्यात आमचं भलं झालं. पेपर साडेसहाला येतो, पण तोवर काकूंची पहिली आवृत्ती निघालेली असते.

आता नाशिकरोडला फौजी माणसाचं कुणाला अप्रूप असायचं कारण नाही. इथं आर्टिलरी सेंटर, पलीकडं देवळालीला तोफखान्याची शाळा. कुठल्या कुठल्या गावची माणसं बदलीवर येतात, इथली हवा मानवते, आणि पेन्शन लागलं की इथंच दोन खोल्या बांधतात. आमचे सुभेदार मूळचे तमिळनाडूचे, रामनाथपुरमकडचे. मराठी छान बोलतात, फक्त नळाला 'पाणी आला' आणि दूधवाल्याला 'दूध आली' म्हणतात. कपाळावर विभूती, देव्हाऱ्यात मुरुगन. म्हणून तर काकूंना कोडं: शिवाचा भक्त माणूस चर्चचे फोटो कशाला काढतो? आणि चर्च तरी धड असावीत! ज्यांना छप्पर नाही, घंटा नाही, पाद्री नाही, अशीच नेमकी शोधून काढतो.

गल्लीत तर्कांना तोटा नव्हता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या मते सुभेदार पोर्तुगीजांचं पुरलेलं सोनं शोधतात. "सोनं सापडलं असतं तर बायकोच्या हातात दोन बांगड्या तरी वाढल्या असत्या," म्हणून काकूंनी ते प्रकरण मिटवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटायचं की सरकारी गुप्त काम असणार. रिटायर माणसाला सरकार गुप्त काम देतं, तेही रेल्वेच्या सेकंड क्लासनं पाठवून, हे मला काही पटेना.

शेवटी चतुर्थीच्या मोदकांचा डबा घेऊन मीच गेले. डबा हातात असला की कुठल्याही घरात काहीही विचारता येतं.

सुभेदारांनी अल्बम काढले. हल्ली फोटो मोबाइलमध्ये कुजत पडतात, यांचे मात्र कागदावर छापलेले, प्लॅस्टिकच्या कप्प्यात. एक फोटो उलटा करून बघितला तर मागं पेन्सिलीनं तारीख, वेळ, कुठं उभं राहून काढला आणि चार आकडी एक संख्या. मी विचारलं, "हे काय, किंमत?" तर हसले. तोफखान्याचं वर्तुळ म्हणे ३६० अंशांचं नसतं, ६४०० मिलचं असतं. अंश फार जाड पडतो; एका अंशानं चुकलं तर लांबवर गोळा भलत्याच शेतात पडायचा. त्या मोजणीची सवय जात नाही, म्हणून प्रत्येक भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मिलमध्ये लिहून ठेवतात.

"पण चर्चच का?" मी सरळच विचारलं.

"मॅडम, आमचं काम काय होतं? टेकडीवर बसायचं, दुर्बीण लावायची, समोरचं नकाशाशी जुळवायचं. लांबून लगेच ओळखू येणारी वस्तू कोणती? पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, मिनार, चर्चचा मनोरा. त्यावरून बाकीचं मोजायचं. सगळी नोकरी मनोरा बघून दिशा धरली. जवळ जाऊन कधी बघितला नाही."

"मग चालू चर्च बघा की. नाशिकरोडला काय कमी आहेत?"

"त्यांना फादर आहे, ट्रस्ट आहे, दर नाताळला रंग आहे. पडक्याला कोण आहे?"

हे मी जसंच्या तसं भिंतीवरून काकूंना सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहिल्या म्हणजे पुढचा प्रश्न मोठा असतो.

"ती वसईची चर्च पाडली कुणी? आपल्या चिमाजी अप्पानं ना?"

बघा, शाळेत आपण वसईची लढाई पाठ केली. १७३९ चा मे महिना, सुरुंग, खंदक, आणि किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तोफेच्या तोंडी देऊन आत उडवा म्हणणारा चिमाजी. वज्रेश्वरीचा नवसही माहीत असतो. पण किल्ला घेतल्यावर त्या भिंतींचं पुढं काय झालं, हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. १५३४ पासून दोनशे पाच वर्षं पोर्तुगीज तिथं राहिले. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाचं आपापलं चर्च आणि मठ. तोफांनी तटाचं आणि काही इमारतींचं नुकसान झालंच. पण चर्चचा खरा काळ ठरला तो ओसाडपणा. वापरणारी माणसं निघून गेली. मराठ्यांनंतर १७८० मध्ये इंग्रज आले, त्यांनाही मठांचं काही कारण नव्हतं. छपराचं लाकूड गेलं, कौलं गेली, पावसाचं पाणी भिंतींच्या पोटात उतरलं आणि मग पिंपळाला रान मोकळं मिळालं. सुभेदारांकडं फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा एक फोटो आहे. कमानीच्या मधोमध पिंपळाचं मूळ दगडांच्या सांध्यात शिरलंय, आणि त्या मुळानंच आता कमान धरून ठेवलीय. काढावं तर कमान पडणार, ठेवावं तरी एक दिवस पडणारच. खाली जमिनीवर थडग्यांच्या शिळा, ढाली आणि मुकुट कोरलेल्या. त्यांवरून पोरं सेल्फी काढत चालतात.

"आणि ते लग्नाआधीचे फोटो!" काकूंना इथं विषय सापडला. "माझ्या भाचीच्या मुलीनं तिथंच काढले. लाल झगा, मागं मोडका दरवाजा. मी विचारलं, हा कुठला वाडा ग? तर म्हणाली, आजी, व्हिंटेज आहे."

खरंय. कोल्डप्लेच्या २०१६ च्या गाण्यातही हा किल्ला चमकून गेला, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. सुभेदारांचा झगे घालणाऱ्यांवर राग नाही. राग आहे तो खिळ्यानं भिंतीवर बदाम कोरणाऱ्यांवर. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली जागा, तिपाई लावायची तर परवानगी काढावी लागते, आणि हे महाशय ती रीतसर काढतात. खिळ्याला परवानगी कोण विचारतो?

वसईच्याच कोटातल्या सेंट जोसेफच्या कॅथीड्रलवर एक शिलालेख आहे. १६०१ मध्ये हे देवालय नव्यानं बांधलं असं सांगणारा. सुभेदारांनी तो सकाळच्या तिरप्या उन्हात घेतला होता. डोक्यावर ऊन आलं की अक्षरं दिसत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. काकूंना ती सांगताना मी मुद्दाम आवाज खाली आणला.

"काकू, वसईच्या चर्चचा एक तुकडा आपल्या नाशकात आहे."

"कुठं? शरणपूरला?"

"पंचवटीत. नारोशंकराच्या देवळावर."

काकूंच्या हातातला कढीपत्ता खाली पडला. अहो, नारोशंकराची घंटा कुणाला माहीत नाही? गोदेला पूर आला की अजून म्हातारी माणसं विचारतात, दुतोंड्या मारुती बुडाला का, पाणी घंटेपर्यंत पोचलं का. तीच घंटा. रामेश्वराचं ते देऊळ १७४७ चं, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. मालेगावचा भुईकोट बांधणारे तेच, आणि पेशव्यांचे झांशीचे सुभेदारही तेच. सुभेदाराची गाठ अखेर सुभेदाराशी पडली ती अशी! तटाच्या दर्शनी भागात नदीकडं तोंड करून ती घंटा टांगलीय, आणि तिच्यावर साल आहे १७२१. देवळाच्या आधी सव्वीस वर्षं. देऊळ नव्हतं तेव्हा घंटा कुठं वाजत होती? पोर्तुगीज घडणीची ती घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून इथं आली असं नाशकात पिढ्यानपिढ्या सांगतात, आणि साल बघता त्यात खोट काढायला जागा दिसत नाही.

सुभेदारांनी खालून लांब पल्ल्याच्या लेन्सनं फोटो घेतला आणि मोठा करून मला दाखवला. मी नाशिकची माहेरवाशीण, सून आणि आता सासू. अमृतस्नानाच्या गर्दीत त्या तटाखाली उभी राहिलेय. आणि घंटेचं साल मला सांगितलं रामनाथपुरमच्या माणसानं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"म्हणजे लुटीची घंटा आपण देवाला वाजवतो?" काकूंचा चेहरा पडला.

यावर आमच्यात चांगलीच जुंपली. काकूंचं म्हणणं, ज्याची त्याला परत द्यावी. मी म्हटलं, द्यायची कुणाला? ज्या चर्चची असेल त्याला छप्पर नाही. मग मी सुभेदारांचं मत सांगितलं, आणि ते तोफखान्याच्या माणसालाच सुचावं असं आहे. घंटेचा धातू आणि तोफेचा धातू एकाच घरातले. दोन्ही तांबं आणि कथील. घंटेत कथील जास्त, शेकडा वीसच्या आसपास, म्हणून नाद. तोफेत कमी, दहाच्या आसपास, म्हणून ती बार सोसते. युरोपात लढाई लागली की चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतायचे. मराठ्यांनाही तोफा नको होत्या थोड्याच! तरी या घंटा त्यांनी भट्टीत घातल्या नाहीत, देवापुढं टांगल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागं घाटावर अशीच एक आहे, १७०७ सालची, तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरालाही एक आहे. सुभेदार म्हणाले, "जिंकणाऱ्यानं हरलेल्याची वस्तू वाजती ठेवली, मॅडम. हे मी जास्त ठिकाणी बघितलं नाही."

काकू म्हणाल्या, "मेरीसमोर हात जोडायचे की नाही मग?" मी म्हटलं, बाळ कडेवर असलेल्या बाईला हात जोडायला काय हरकत आहे? वाद तिथं मिटला.

त्यानंतर काकूंना सुभेदारांच्या सगळ्या वाऱ्यांची माहिती हवी झाली. रेवदंड्याच्या कोटातला सातखणी मनोरा त्यांच्या खास आवडीचा. तो सेंट बार्बाराच्या चर्चचा, आणि ही बार्बारा म्हणजे जगभरच्या तोफवाल्यांची रक्षणकर्ती संत. ४ डिसेंबर तिचा सण. "आमच्या धंद्याची देवी," असं आमचे विभूतीवाले सुभेदार अगदी सहज म्हणतात. बोरिवलीला मंडपेश्वरला खाली शंकराची लेणी आणि वर फ्रान्सिस्कनांच्या मठाचे अवशेष. एका फोटोत दोन्ही येतात. अंधेरीला सीप्झच्या आत, कंपन्यांच्या मधोमध, १५७९ सालचं सेंट जॉनचं चर्च बिनछपराचं उभं आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलखातलं धनुषकोडीचं चर्चही अल्बममध्ये आहे, १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळानं झोडपलेलं. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत आणि मीही खोदलं नाही. मोदक संपत आले होते.

गोव्याची गोष्ट मात्र काकूंनी दोनदा सांगायला लावली. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा अर्धा मनोरा उभा आहे, सेहेचाळीस मीटर उंचीचा. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनंच धर्मसंघांना हाकललं, चर्च रिकामं पडलं आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. त्याची घंटा आज पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर वाजते. आणि त्या ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याला हाताचं एक हाड सापडलं. जॉर्जिया देशाच्या केटेवान राणीचं! इराणच्या शाह अब्बासानं १६२४ मध्ये तिला मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अवशेष गोव्याला आणले. डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष जॉर्जियाला नेऊन दिला.

"चारशे वर्षांनी माहेरी गेली म्हणायची," काकू म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

"पण वहिनी," थोड्या वेळानं त्यांनी मूळ मुद्दा धरला, "या माणसाला घरदार सोडून हे वेड लागलं कसं?"

वेड नवं नाही. आपल्याच भागात अशीच माणसं होऊन गेली, आणि तीही फौजीच. बॉम्बे आर्टिलरीचा कॅप्टन थॉमस बिग्ज. कंपनी सरकारनं १८५५ मध्ये त्याला कॅमेरा घेऊन विजापूर, बदामीकडच्या जुन्या इमारती टिपायला पाठवलं. आणि अजिंठ्याचा मेजर रॉबर्ट गिल. मद्रास पायदळातला हा माणूस १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला, सैन्यातून निवृत्त झाला तरी हलला नाही. चित्रं विलायतेला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाली. त्याच्या आधीच त्यानं कॅमेरा हाती घेतला होता, म्हणून बरं. लेणी, लोणारची देवळं, असं किती तरी त्यानं काचेवर घेतलं. १८६४ मध्ये जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्या फर्ग्युसनसाहेबानं ते फोटो पुस्तकात छापले.

"तोच ना पारोवाला? सिनेमा आला होता."

तोच. काकूंना कला कळो न कळो, पारो बरोबर माहीत. अजिंठा गावात गिलच्या या प्रेयसीची, पारोची, १८५६ सालची कबर आहे, आणि गिल स्वतः १८७९ मध्ये गेला, तो भुसावळला पुरलेला आहे. भुसावळला गाडी थांबली की आपण केळी घेतो आणि खिडकी लावतो.

परक्या मुलखातून येऊन इथल्या दगडांना जीव लावणारी माणसं ही अशी. चौल-वसईच्या अवशेषांवर १८७६ मध्ये पहिलं भरघोस पुस्तक लिहिलं तेही मुंबईत डॉक्टरकी करणाऱ्या एका गोवेकरानं, जेर्सन द कुन्यांनी. इथं जन्मलेल्याला वाटतं, दगड कुठं पळून जातात? बघू कधीतरी. बाहेरून आलेल्याला ठाऊक असतं की आपणही बदलीवर आहोत आणि भिंतही.

शरणपूरचंच बघा. शरणपूर रोडवर रोज ट्रॅफिकला शिव्या घालतो आपण. तिथं १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वस्ती उभारली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या जंगलात वारला, तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधीला नाशिकचा हा विद्यार्थी हजर होता. सुभेदारांनी शरणपूरचं सेंट अँड्र्यूज फक्त एकदाच टिपलं. "चांगलं धडधाकट आहे," म्हणाले, "माझी गरज नाही."

परवा काकूंनी स्वतःहून सुभेदारांना हाक मारली. साबुदाण्याच्या चिकवड्या दिल्या आणि विचारलं, नारोशंकराला केव्हा नेता? सोसायटीतल्या आठ-दहा जणींचा बेत ठरलाय. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. दुर्बीण सुभेदारांची, फराळ आमचा.

तुम्हीही पंचवटीत गेलात तर रामकुंडाजवळून नारोशंकराच्या तटाकडं एकदा मान वर करून बघा. आणि सिंहस्थाची रंगरंगोटी ज्यांच्याकडं आहे त्यांना हात जोडून एवढंच सांगणं: घाट रंगवा, खांब रंगवा, दिवे सोडा, पण त्या घंटेला सोनेरी ऑइलपेंट फासू नका.